सुखान्ताचा पत्ता

मराठीतली पहिली कादंबरी सुखान्त आहे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली छापले गेले. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात. गावोगावी त्यांना विधवा भेटतात. कुणाचे केशवपन झालेले, कुणी घरातल्या कोपऱ्यात डांबलेली, कुणी अन्नाला महाग झालेली. पुढे विनायकाला अपघाती मरण येते आणि इतके दिवस दुसऱ्यांचे दुःख पाहणारी यमुना स्वतःच विधवा होते. एवढे झाल्यावरही पदमनजी तिला खचू देत नाहीत. ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते, पुन्हा लग्न करते आणि तिचा संसार उभा राहतो. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ साली, झाला होता. म्हणजे कादंबरीचा शेवट कायद्याला धरूनच होता.

यानंतर तेहतीस वर्षांनी, १८९० साली, पुण्यात हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यातून एका मुलीची आत्मकथा क्रमशः येऊ लागली. तिचेही नाव यमुनाच, घरातली यमू. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ची ही यमू पहिल्या यमुनेपेक्षा नशीबवान वाटते. रघुनाथरावांसारखा शिकलेला, मायाळू नवरा तिला मिळतो. तो तिला लिहायला-वाचायला शिकवतो. मुंबईत दोघांचे छोटेसे, मोकळ्या हवेचे घर होते. त्या प्रकरणांवर हरिभाऊंनी कादंबरी थांबवली असती तर मराठीला एक देखणी सुखान्त कादंबरी मिळाली असती. रघुनाथरावांना जगवणे लेखकाच्या हातात होते. त्यांनी जगवले नाही. रघुनाथराव जातात, यमूला सासरी यावे लागते, शंकरमामंजींच्या कारस्थानाने तिचे बळजबरीने केशवपन होते आणि ती खंगून मरते.

दोन यमुना, एकच दुःख आणि दोन टोकांचे शेवट. आशेच्या गोष्टींचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा या जोडीकडे येतो. गोड शेवट म्हणजे वाचकाचे लाड आणि दुःखान्त म्हणजे खरे, गंभीर साहित्य, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. दिवाळी अंकांच्या कथांवर नजर टाकली तरी तो दिसतो. लेखकाला वजनदार व्हायचे असेल तर त्याने पात्राला बुडवायचे, आणि लोकप्रिय व्हायचे असेल तर किनाऱ्याला लावायचे. ही वाटणी मला मान्य नाही. पुण्याच्या गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांकडे पाहिले तर तिच्याविरुद्धचा पुरावा पेठापेठांतून सापडतो.

सुखान्ताची सवय आपल्याला कादंबरीच्या कितीतरी आधीपासून आहे. व्रतांच्या कहाण्या सुफळ संपूर्ण होतात. संस्कृत नाटक भरतवाक्याच्या आशीर्वादाने मिटते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली पुण्यात ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, तेव्हा सुभद्रा अर्जुनाचीच होणार हे थिएटरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. कृष्ण ते कसे घडवतो ते पाहायला लोक येत होते, अजूनही येतात. कादंबरीने सुरुवातीला हीच सवय उचलली. हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांत ताटातुटी आहेत, कारस्थाने आहेत आणि शेवटी योगायोगाने सगळे जुळून येते. वाचक खूश होत. पण पुस्तक मिटल्यावर त्या सुखाकडे जायची वाट कुणालाच दिसत नसे, कारण ते सुख या जगातल्या कुठल्या गावात राहतच नव्हते.

पदमनजींचा शेवट या बाबतीत फार पुढचा होता. त्यांच्या यमुनेच्या सुखाला पत्ता होता, आणि तो पत्ता मिशनचा होता. धर्म सोडायची ज्यांची तयारी नव्हती, अशा हजारो यमुनांना तो उपयोगाचा नव्हता. कायदा होऊन तीन दशके उलटली तरी पुण्यातल्या ब्राह्मण घरातल्या विधवेने पुन्हा लग्न करायचे ठरवलेच, तर तिने जायचे कुठे, खायचे काय, उद्या सकाळी तिच्या दारात कोण उभे राहणार, या प्रश्नांना उत्तर नव्हते. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्यावरून शहर पेटलेले असताना, मुलीचे वय दहाचे बारा करण्यावरून सभा उधळल्या जात असताना, हरिभाऊ ती कादंबरी दर आठवड्याला लिहीत होते. यमूला त्यांनी वाचवले असते तर ती थाप ठरली असती. तिच्यासाठी घर अजून बांधले गेले नव्हते.

मग ते घर बांधले गेले. हा भाग मला सावकाश सांगायचा आहे.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी होती कोकणातल्या देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच नवरा गेला. पुढची कित्येक वर्षे घरकामात गेली. भाऊ नरहरपंतांनी तिला मुंबईला आणले म्हणून रमाबाईंची शाळा तिला गाठता आली. १८९० साली सदन पुण्याला हलले आणि गोदूबाईही पुण्याला आल्या. इथे नरहरपंतांचे मित्र धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. त्यांची पहिली पत्नी १८९१ साली वारली होती. दुसरे लग्न करायचे तर विधवेशीच, हा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हे लग्न लागले आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागला.

तारखा शेजारी ठेवून पाहा. यमूची कथा ‘करमणूक’मधून वाचकांना रडवत होती, त्याच काळात, त्याच शहरात, यमूच्याच परिस्थितीतून आलेली एक बाई दुसरा शेवट जगायला लागली होती. तो शेवट गोड म्हणावा असा सोपा नव्हता. नवराबायको कर्व्यांच्या गावी, मुरूडला गेले तेव्हा गावाने बहिष्कार घातला. कर्व्यांच्या आईला आपल्या मुलाला घरात घेण्याची चोरी झाली. बाया कर्व्यांनी हे सगळे ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्यात रडगाणे नाही. स्वयंपाक, आजारपणे, पैशाची ओढाताण, वर्गणी मागत हिंडणे आणि स्वतःच्या नवऱ्याशी भांडणे, सगळे रोखठोक सांगितले आहे. सुखान्तानंतरचे दिवस कसे असतात हे ज्यांना लिहायचे असेल, त्यांनी हे पुस्तक आधी वाचावे.

लग्नानंतर कर्व्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली. थोड्याच काळात त्यांच्या ध्यानात आले की लग्न हा सगळ्यांसाठी शेवट होऊ शकत नाही. किती जणींची लग्ने लावणार? आणि ज्यांना करायचेच नाही त्यांचे काय? १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. भर लग्नावरून शिक्षणावर आला. प्लेग आला, शहरात आश्रम चालवणे अवघड झाले. गोखले नावाच्या एका दात्याने गावाबाहेर हिंगण्याला जागा दिली आणि १९०० साली तिथे एक झोपडी उभी राहिली. कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवत, संध्याकाळी लागेल ते सामान घेऊन चिखलाच्या वाटेने हिंगण्याला चालत जात आणि सकाळी परत येत. आज तिथे कर्वेनगर आहे, रहदारी आहे, आणि महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात मुलींची गर्दी आहे. त्या मुलींपैकी बहुतेकींना आपण एका कादंबरीच्या न लिहिलेल्या शेवटात शिकतो आहोत हे ठाऊक नसेल. ठाऊक असायची गरजही नाही.

आश्रमाच्या स्थापनेने मराठी सुखान्ताचा अर्थच पालटला असे माझे मत आहे. तोवर, आणि रंगभूमीवर त्यानंतरही, नायिकेचे भले दुसरे कुणीतरी करत असे. १८९९ साली रंगभूमीवर आलेले देवलांचे ‘शारदा’ घ्या. पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधली जाणारी शारदा शेवटी सुटते. आधी सगोत्रतेचा आधार निघून लग्न मोडते, मग जीव द्यायला गेलेल्या तिला कोदंड वाचवतो आणि तिच्याशी लग्न करतो. नाटक अस्सल आहे. प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले ते योग्यच झाले. पण शारदेची सुटका कोदंडावर अवलंबून आहे. कोदंड भेटला नाही तर? त्या ‘तर’चे उत्तर रंगमंचावर नव्हते. कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा केले ते १९२९ साली, नाटकानंतर तीस वर्षांनी.

याउलट पार्वतीबाई आठवले. बाया कर्व्यांची सख्खी धाकटी बहीण, तीही लहान वयात विधवा झालेली. तिने पुन्हा लग्न केले नाही. ती आश्रमात आली, शिकली आणि आश्रमासाठी निधी जमवायला गावोगाव फिरली. कित्येक वर्षे केशवपन केलेल्या अवस्थेत राहिल्यावर स्वतः विचार करून तिने ती रूढी सोडली. इंग्रजी येत नसताना पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ती अमेरिकेला गेली आणि तिथे लोकांच्या घरी कामे करून दिवस काढले. आपल्या आत्मचरित्राचे नाव तिने ‘माझी कहाणी’ ठेवले. यात कोदंड कुठेच नाही, आणि तरी ही कहाणी सुफळ आहे. कादंबरीकारांच्या आधी ती एका बाईने जगून लिहिली, याचे श्रेय साहित्याच्या इतिहासात तिला पुरेसे दिले जात नाही.

हिंगण्याच्या सुखान्तातून पुढे नवी दुःखेही निघाली, आणि ती मांडायला हिंगण्यातूनच लेखिका निघाली. कर्व्यांच्याच शिक्षणसंस्थांत शिकलेल्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले. शिकलेली, मिळवती मुलगी घरच्यांना इतकी सोयीची वाटू लागते की तिच्या लग्नाचा विषयच निघत नाही, तिच्या मनाचे काय होते, हे त्या कथांनी विचारले. केवढा गदारोळ झाला! लेखिका कोण याचा शोध सुरू झाला. या कथा सुखान्त नाहीत. पण आधीचा एक सुखान्त प्रत्यक्षात आल्याशिवाय त्या लिहिल्याच गेल्या नसत्या. मिळवती मुलगीच नसती तर तिचा निःश्वास कुठून येणार?

क्रम नेहमी असाच असतो असे नाही. कधी गोष्ट आधी येते आणि घर मागून. हरिभाऊंच्याच ‘मी’ या कादंबरीत भाऊ नावाचा नायक भावानंद होतो आणि देशसेवेला वाहून घेतलेल्या माणसांचा मठ उभारू पाहतो. ती ‘करमणूक’मध्ये १८९३ ते १८९५ च्या सुमारास आली. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. या दोहोंतले साम्य समीक्षकांनी अनेकदा दाखवले आहे. त्याच १९०५ साली बंगालमधल्या रुकय्या सखावत हुसेन यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ ही छोटी कथा लिहिली. तिच्यात बायका विज्ञानाच्या बळावर राज्य चालवतात, सूर्याची उष्णता वापरतात आणि पुरुष पडद्यात असतात. सहा वर्षांनी रुकय्यांनी कोलकात्यात मुलींची शाळा काढली, ती आजही चालू आहे.

मराठीत गोष्ट आधी सांगण्याचे हे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जयंत नारळीकरांनी केले. त्यांची ‘धूमकेतू’ ही कथा मला आशेच्या कथेचा नमुना वाटते. दत्तदा नावाचा हौशी खगोलनिरीक्षक धूमकेतू शोधतो, आणि गणित सांगते की तो पृथ्वीवर आदळणार. जगभरचे शास्त्रज्ञ गाजावाजा न करता एकत्र बसतात, यान पाठवून धूमकेतूला वाटेवरून जरासे ढकलायचे ठरवतात आणि पृथ्वी वाचते. घरी मात्र शांतियज्ञ झालेला असतो, आणि संकट त्यानेच टळले असे घरच्यांना वाटते. शेवट सुखाचा आहे, पण यश कशामुळे आले हे समाजाला कळलेलेच नाही, हा सल नारळीकर त्यात ठेवतात. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाचे डार्ट यान डायमॉर्फस नावाच्या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले गेले आणि त्याचा परिक्रमाकाळ सुमारे बत्तीस मिनिटांनी कमी झाला. ढकलता येते, हे प्रयोगाने दिसले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवून सुरुवात करणारा हा लेखक मे २०२५ मध्ये पुण्यातच गेला. त्याच्या कथांतली संकटे मोठी आणि माणसे शहाणी असत. मराठी मुलांच्या किती पिढ्यांना त्याने भविष्याची भीती न घालता भविष्य दाखवले!

मुलांचा विषय निघालाच आहे तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे राहता कामा नये. फुरसुंगीचा बनेश, त्याची सायकल आणि पुण्याचे रस्ते. तो जिंकणार हे पहिल्या पानापासून माहीत असते. पण भागवत त्याला नशिबाच्या हवाली करत नाहीत. त्याला पाहायला, ऐकायला, पळायला लावतात. बालसाहित्याकडे खालच्या नजरेने पाहणाऱ्यांनी कथेची एवढी शिस्त मोठ्यांच्या कादंबरीत दाखवावी.

आता अलीकडचे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचे काम. सुमित्रा भावे यांनी सिनेमा कुठल्या संस्थेत शिकून केला नाही. त्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत होत्या, म्हणजे तीच हिंगण्याची भूमी. झोपडपट्टीतल्या बायकांच्या आत्मप्रतिमेचा अभ्यास करताना त्यांना वाटले की हे अहवालात मावणारे नाही, आणि १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट झाला. पुढे सुनील सुकथनकरांबरोबर त्यांनी तीन दशके चित्रपट केले. ‘दहावी फ’मध्ये शाळेने वाया गेलेली ठरवलेली मुले आहेत. ‘देवराई’ (२००४) स्किझोफ्रेनिया झालेल्या शेष या तरुणाची आणि त्याच्या बहिणीची गोष्ट. त्या चित्रपटामागे कॅलगरीला राहणारे मराठी प्राध्यापक जगन्नाथ वाणी होते. त्यांनीच पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली होती, आणि तिचे केंद्र धायरीला आहे. आजार जादूने पळून गेला असे ‘देवराई’ दाखवत नाही. औषधे आहेत, डॉक्टर आहे, थकलेली आणि तरीही न सोडणारी बहीण आहे, आणि त्या सगळ्यांच्या जोरावर जगण्याजोगे दिवस आहेत. यापेक्षा प्रामाणिक सुखान्त मला माहीत नाही. या सुखान्ताला शब्दशः पत्ता आहे, तिथे रिक्षाने जाता येते.

‘कासव’ला (२०१६) राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले. जीव द्यायला निघालेला मानव आणि स्वतः नैराश्यातून गेलेली जानकी कोकणकिनाऱ्यावर एका घरात राहतात. शेजारी कासवांची अंडी जपण्याचे काम चालू आहे. जानकी मानवला उपदेश करत नाही, कारण विचारत नाही. जेवू घालते, जागा देते, थांबते. निर्माते आणि नट म्हणून या चित्रपटाशी जोडलेले मोहन आगाशे मुळात मानसोपचारतज्ज्ञ, ही गोष्टही इथे महत्त्वाची. नैराश्यात काय बोलू नये, हे माहीत असलेल्या माणसांनी हा चित्रपट केला. स्पर्धा परीक्षा आणि नोकरीच्या चिंतेने सदाशिव-नारायण पेठेतल्या खोल्यांत एकटी राहणारी मुले ज्या शहरात इतकी आहेत, तिथे अशा कथेची गरज मी वेगळी सांगायला नको. एप्रिल २०२१ मध्ये सुमित्राताई गेल्या.

या सगळ्यांत एक गुण समान आहे. लेखकाने दुःखाची पूर्ण किंमत मोजली आहे आणि सुखाकडे नेणारी प्रत्येक पायरी दाखवली आहे. पैसे कुणी दिले, राहायला कुठे मिळाले, पहिला आठवडा कसा गेला, कोण सोडून गेले, कोण अनपेक्षितपणे आले. नवी आशावादी कथा लिहिणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन की शेवटच्या परिच्छेदाची काळजी करू नका, या मधल्या हिशेबाची करा. तो चोख असला तर नायिका हसत असो वा नसो, वाचकाला आधार मिळतो. तो नसला तर सनई-चौघडे वाजवूनही उपयोग नाही. आणि ज्यांना यमूसारखाच शेवट लिहावा लागेल, त्यांनी तो खुशाल लिहावा. हरिभाऊंनी खोटी आशा नाकारली म्हणूनच कित्येक वाचकांना खऱ्या आशेची निकड कळली, असे मी मानतो.

गोदूबाईंची गोष्टही १८९३ च्या लग्नाशी संपली नाही. १८९९ साली त्यांना दिनकर हा मुलगा झाला, तो पुढे फर्ग्युसनचा प्राचार्य झाला. सून इरावती कर्वे. महाभारतातल्या माणसांचे शेवट इतक्या निर्भीडपणे पाहणारे ‘युगान्त’ त्यांनी १९६७ साली लिहिले. त्यांची मुलगी, म्हणजे गोदूबाईंची नात, गौरी देशपांडे. १९८० साली तिचे ‘एकेक पान गळावया’ आले आणि लग्नाच्या आत-बाहेर स्वतःच्या अटींवर जगणारी बाई मराठी कादंबरीत ठामपणे बोलू लागली. आठव्या वर्षी लग्न होऊन विधवा झालेल्या मुलीच्या घरात, तिसऱ्या पिढीला, मराठीतली एक थोर कादंबरीकार जन्मली.